फेरेटची मादी : माज न ओसरल्यास जिवावर बेतते

दिसायला मुंगसासारखा, पण कुळाने पाणमांजराचा नातलग असलेला फेरेट युरोप-अमेरिकेत घरोघरी हौसेने पाळला जातो. मात्र मादी पाळणाऱ्याने तिच्या शरीराचा एक विलक्षण नियम जाणून घेणे आवश्यक आहे.

वसंतात दिवस मोठा होऊ लागला की मादी माजावर येते आणि तिचे योनिमुख सुजते. समागमाखेरीज तिच्या बीजांडकोशातून बीज सुटत नाही. त्यामुळे नराचा संग न घडल्यास माज कित्येक महिने टिकतो. या काळात रक्तात वाढलेले इस्ट्रोजेन हे संप्रेरक अस्थिमज्जेचे कार्य दडपते. नव्या रक्तपेशी तयार होईनाशा होतात, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि अखेर मादी दगावू शकते.

मग पिले होऊ द्यावीत काय? गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा असतो. पिले मात्र एका वेतात सरासरी आठ! अखेरच्या दिवसांत गाभण मादी एक दिवस उपाशी राहिली, तरी तिचा जीव धोक्यात येतो. शिवाय पुढे माज पुन्हा येतोच.

निर्बीजीकरणाने हा धोका टळतो. अमेरिकेत बहुतेक फेरेट विक्रीपूर्वीच निर्बीज केले जातात. परंतु अशा प्राण्यांत पुढे अधिवृक्क ग्रंथीचा विकार व केसगळती आढळते. म्हणून अनेक पशुवैद्य त्वचेखाली डेस्लोरेलिनची कांडी बसवतात. तिचा प्रभाव ओसरल्यावर ती पुन्हा बसवावी लागते.

कोणताही मार्ग निवडा. पण माजाची चिन्हे दिसताच पशुवैद्याला गाठा. येथे वाट पाहणे हाच खरा धोका आहे.