मोळीचा भाव, मळीचा वाटा

आमच्या ढोकी गावात मला पहिला महानायक भेटला तो वेताळ. बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीतून मामा उतरला की त्याच्या पिशवीत इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक हमखास असायचा. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. तेरणा साखर कारखान्यापुढे उसाच्या गाड्या नंबर लावून उभ्या असत. त्यांतल्या एखाद्या गाडीच्या सावलीला बसून आम्ही चौघे एकच अंक वाचायचो. पुढे हिंदीतला नागराज आला. ही चित्रे कोणी काढली, हे विचारायचे तेव्हा आमच्या मनातही आले नाही. ती चुटपुट आज या लेखाला कारण आहे.

कारण त्याच जातीच्या पात्रांवर आता जगातला सगळ्यात मोठा सिनेमाधंदा उभा आहे. २०१९ साली आलेल्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' या एकाच चित्रपटाने सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. या पैशाचा उगम शोधत मागे गेलो की एका धनादेशापाशी येऊन थांबावे लागते.

मार्च १९३८. क्लीव्हलंडचे दोन तरुण, लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर, यांनी तेरा पानांची पहिली कथा आणि तिच्यासोबत सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला लिहून दिले. दोघांत मिळून १३० डॉलर. १९४७ साली ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी तडजोडीत थोडे पैसे हाती पडले, पण पात्र गेले ते गेलेच, आणि अंकावरची नावेही गेली. १९७५ साली सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार अशी बातमी आली, तेव्हा सीगलने आपली हकिगत जाहीर पत्रक काढून सांगितली. शूस्टरची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांची बाजू लावून धरली, म्हणून सुपरमॅनची मालकी असलेल्या वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलरची पेन्शन दिली आणि त्यांची नावे परत छापली. ते १३० डॉलर ज्यात होते, तो ४१२ डॉलरचा जुना धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. त्या कागदाला जी किंमत आली, ती त्यावर नाव असलेल्या माणसांना त्या व्यवहारात कधीच आली नाही. हे वाचले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

बाकीच्यांची गतही फार वेगळी नव्हती. बॅटमॅन घडवण्यात मोठा हात असलेला बिल फिंगर १९७४ साली वारला. पडद्यावर त्याचे नाव आले २०१५ साली. चित्रकार जॅक कर्बीच्या वारसांची मार्व्हल कंपनीशी तडजोड झाली २०१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

आमच्या भागात हा हिशोब उसावरून चटकन समजतो. कारखाना उसाच्या वजनाचे पैसे देतो, पण उसातून साखर निघते, तशी मळी निघते, बगॅस निघते, मळीवर डिस्टिलरी चालते. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विचारले, की त्या पैशात आमचा वाटा कुठे? त्या भांडणातून महसूल वाटणीचे सूत्र आले: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के हिस्सा उसाचा, आणि तो एफआरपीपेक्षा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदरापेक्षा, जास्त भरला तर फरक शेतकऱ्याला. अंमलबजावणीची रड आहे, ढोकीचा कारखाना तर मधली कित्येक वर्षे बंदच होता. तरी मळीतही आपला वाटा आहे, हे तत्त्व कागदावर आले. चित्रकथेच्या पानाला मात्र अजून फक्त मोळीचा भाव मिळतो.

आणि आपल्याकडे ती पाने काढणारे हात बरेचसे मराठी होते. १९८६ साली नागराजला रूप दिले पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. हिंदीतलाच भोकाल रंगवला दिलीप कदमांनी. अमर चित्र कथेतला पहिला कृष्ण राम वाईरकरांचा. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टीतून 'टिंकल'मधला सुपंडी जन्मला, पण त्याचे ते डोके आणि तो चेहरा वाईरकरांनीच दिला. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. २००७ साली अमर चित्र कथा आणि टिंकल एसीके मीडियाने विकत घेतले, तेव्हा या पात्रांचाही मालक बदलला.

कायद्याकडे पाहिले तर इथेच एक फट दिसते, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या आणि संगीतकृतीच्या कर्त्याला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा आता वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कोणाला लिहून देताच येत नाही. सही करून दिला तरी ती सही चालत नाही. गीतकार-संगीतकारांनी लढून मिळवलेली ही तरतूद आहे. तिच्यात चित्रकृतीचा उल्लेख नाही. म्हणजे महानायकाची गोष्ट लिहिणाऱ्याला या तरतुदीचा आधार मागता येईल, पण त्याचा मुखवटा, अंगरखा आणि उडी ज्याने काढली, तो बाहेरच. ही ओळ संसदेने आणखी एकदा उघडावी, असे मला मनापासून वाटते.

चांगली उदाहरणेही आपल्याकडेच आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये आला. पुढे काही काळ तो 'लोकसत्ता'तही दिसला. वर्तमानपत्र बदलले, तरी तो चिंटू पंडित-वाडेकरांचाच राहिला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ आणि २०१३ साली त्यावर दोन चित्रपट केले. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांचा 'फास्टर फेणे' आला. फुरसुंगीच्या त्या पोराचे जनक भा. रा. भागवत २००१ सालीच गेले होते, पण चित्रपटात भागवत हे पात्रच आहे आणि ते दिलीप प्रभावळकरांनी केले आहे. बिल फिंगरच्या नावाला जिथे एक ओळ मिळायला पाऊणशे वर्षे लागली, तिथे आपल्या एका दिग्दर्शकाने लेखकाला थेट पडद्यावर आणून बसवले. त्या प्रसंगांना माझे डोळे भरून आले होते.

या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा दोन पानी करारनामा घेऊन आला. मोबाईलवर चित्रकथा दाखवणाऱ्या कुठल्याशा कंपनीला त्याचे एक पात्र हवे होते. रक्कम ठीक होती. खाली लिहिले होते: सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे. मी त्याला कॉपीराइट कायद्याचे कलम १९ वाचून दाखवले. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असे धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. कंपनीचा 'कायमचे' हा शब्द त्यासाठीच होता. वडिलांचे ऊसबिल पोरगा स्वतः तपासतो, त्यामुळे पुढचे मला सांगावे लागले नाही. त्याने तो शब्द खोडला, 'पाच वर्षे' लिहिले, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: सिनेमा किंवा मालिका निघाल्यास उत्पन्नात वाटा आणि चित्रकार म्हणून नाव.

कागद पाठवून तीन आठवडे झाले. उत्तर अजून आलेले नाही. तोवर त्याने पुढची बारा पाने काढून ठेवली आहेत.