नव्या लॅपटॉपचे दुभाषी

मुंबई-आग्रा रस्त्यावरील घोटी गांवीं ‘ड्रायव्हर’ हा शब्द उच्चारतांच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मालमोटारीच्या चाकापाशीं बसलेला मनुष्य उभा राहतो. संगणकाच्या शास्त्रांत हाच शब्द निराळ्या अर्थानें रूढ आहे. आणि तो अर्थ ठाऊक नसल्यामुळें भाताच्या व्यापाराच्या या गांवांत काय किंवा पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांत काय, एकच प्रसंग पुन्हां पुन्हां घडत असतो. घरीं नवा लॅपटॉप येतो. त्यांत कंपनीनें भरलेले नको ते कार्यक्रम काढून टाकावेत, म्हणून घरांतील एखादा हौशी तरुण सर्व कांहीं पुसून विंडोज नव्यानें बसवितो. यंत्र सुरू होतें. पण त्यांतून आवाज निघत नाहीं, वाय-फायचें चिन्ह दिसत नाहीं, पडद्यावरील अक्षरें भलतींच मोठीं दिसतात. ‘यंत्र बिघडलें’ असा निष्कर्ष निघतो, तें घेऊन नाशिकास हेलपाटा होतो आणि दुरुस्तीचे पैसे भरावे लागतात. वस्तुतः अशा वेळीं यंत्राचा एकहि भाग बिघडलेला नसतो. हरवलेले असतात ते केवळ त्याचे दुभाषी.

संगणकांत दोन पक्ष असतात. एकीकडे ध्वनि, चित्र, वाय-फाय, कॅमेरा, स्पर्शपट्टी वगैरे प्रत्यक्ष भाग. दुसरीकडे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सर्व कारभार पाहणारी कार्यप्रणाली. हे भाग निरनिराळ्या कारखानदारांचे असून प्रत्येकाची आज्ञा घेण्याची रीत वेगळी असते. कार्यप्रणाली म्हणते, “हा सूर वाजीव”. तो हुकूम त्या विशिष्ट ध्वनिभागास कळेल अशा भाषेंत सांगणारा जो छोटा कार्यक्रम, त्याचें नांव ड्रायव्हर. इ. स. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर गेला, तेव्हां त्याच्यासोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता. वकील व दरबार हे दोन्ही पक्ष समर्थ असले, तरी मध्यें दुभाषी नसेल तर बोलणें खुंटतें. लॅपटॉपमध्येंहि तेंच होतें.

येथें कोणी विचारील, कीं सर्व भागांना मिळून एकच ड्रायव्हर कां असूं नये? कांहीं सामान्य ड्रायव्हर विंडोज स्वतःबरोबर आणतेंच. म्हणूनच नव्या बसवणुकीनंतरहि कळफलक चालतो आणि पडद्यावर ओबडधोबड का होईना, चित्र उमटतें. परंतु विशिष्ट भागाची सारी करामत सामान्य ड्रायव्हरास साधत नाहीं. शिवाय ड्रायव्हराचा मेळ दोन्ही बाजूंशीं बसावा लागतो : भागाशीं आणि कार्यप्रणालीच्या आवृत्तीशींहि. घोटीकरांस याचें उदाहरण शेजारच्या इगतपुरी स्टेशनांत सांपडेल. तेथें पुष्कळ वर्षें दोन विजा भेटत असत. मुंबईकडील तारेंत १५०० व्होल्टचा, एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह, तर घोटी-नाशिकाकडील तारेंत २५,००० व्होल्टचा, दिशा पालटणारा प्रवाह. डबे तेच, रूळहि तेच. पण एका प्रवाहाचें एंजिन दुसऱ्या तारेखालीं चालत नसल्यामुळें इगतपुरीस एंजिन बदलावें लागे. पुढें दोन्ही प्रवाहांवर चालणारीं एंजिनें आलीं, आणि २०१५ पर्यंत मुंबईकडील मुख्य मार्गहि २५,००० व्होल्टवर आणण्यांत आला. ड्रायव्हराचें असेंच आहे. लिनक्ससाठीं लिहिलेला ड्रायव्हर विंडोजला निरुपयोगी, आणि एका कंपनीच्या वाय-फायचा ड्रायव्हर दुसरीच्या वाय-फायला निरुपयोगी.

आतां पुनःस्थापनेचे दोन प्रकार लक्षांत घेतले पाहिजेत. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें ‘रिसेट’ अशी सोय असते. ती कार्यप्रणाली नव्यानें उभारते, पण आधीं बसविलेले ड्रायव्हर सहसा राखून ठेवते. दुसरा प्रकार पेनड्राइव्हवरून डिस्क पुसून बसविण्याचा. त्यांत जुनें कांहींच उरत नाहीं. विंडोजवांचून स्वस्तांत विकत घेतलेल्या लॅपटॉपचीहि अवस्था हीच. म्हणून केवळ नको असलेले कार्यक्रम काढावयाचे असतील, तर ते एकेक करून काढावेत. तेवढ्यानें न भागल्यास रिसेट करावें. आणि डिस्क पुसण्याचा मार्ग अगदीं शेवटीं धरावा.

तो मार्ग धरणें भागच असेल, तर खरें काम पुसण्यापूर्वींचें आहे. यंत्राच्या तळाशीं चिकटविलेल्या पट्टीवरील मॉडेल व अनुक्रमांक टिपून घ्यावा. लॅपटॉप करणाऱ्या कंपनीच्या आधार-संकेतस्थळावर तो क्रमांक घातला असतां त्याच यंत्राच्या ड्रायव्हरांची यादी मिळते. त्यांतील वाय-फायचा ड्रायव्हर सर्वांच्या आधीं पेनड्राइव्हवर उतरवावा. कारण उघड आहे : बाकीचे ड्रायव्हर इंटरनेटवरून आणतां येतील, पण इंटरनेटच ज्याच्या हातीं तो ड्रायव्हर नसेल तर आणणार कोठून? विंडोज ११ ची बसवणूक तर मध्येंच इंटरनेटची जोडणी मागते. चित्राचा ड्रायव्हर कित्येकदां अर्ध्या गिगाबाइटाहून मोठा असतो. मोबाइलच्या जोडणीवर विसंबणाऱ्या घरानें तोहि सवडीनें आधींच उतरवून ठेवावा. विंडोजमध्यें ‘पीएनपीयूटिल’ नांवाची एक आज्ञाहि आहे. तिच्या योगें यंत्रांत बसलेले, बाहेरून आलेले सर्व ड्रायव्हर एका कप्प्यांत काढून घेतां येतात.

याच वेळीं दुसरी एक गोष्ट पाहावी. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क ‘बिटलॉकर’ या योजनेनें कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत ठेवलेली असते. ती कागदावर उतरून घ्यावी. किल्ली न सांपडल्यास डिस्कवरील छायाचित्रें व कागदपत्रें कायमचीं दुरावतात. ड्रायव्हर पुन्हां मिळेल, लग्नाचें छायाचित्र मिळणार नाहीं. म्हणून त्या सर्वांची प्रत अन्यत्र ठेवल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये.

बसवणूक सुरू झाल्यावर कित्येकांस पहिला धक्का बसतो तो डिस्कच न दिसण्याचा. इंटेलच्या २०२० सालीं निघालेल्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत डिस्कचा कारभार ‘व्हीएमडी’ नामक योजनेकडे असतो, आणि विंडोजच्या बसवणूक-कार्यक्रमास तिची भाषा ठाऊक नसल्यास यादी रिकामी दिसते. डिस्क जळाली असें समजून कोणी घाबरूं नये. कंपनीच्या पानावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर आधींच घेऊन, त्याची गांठोडी सोडवून पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि ‘लोड ड्रायव्हर’ ही कळ दाबून तो दाखवावा. डिस्क तत्काळ प्रकट होते.

विंडोज सुरू झाल्यावर प्रथम वाय-फाय बसवावें. त्याचा ड्रायव्हर आणावयाचा राहिलाच असेल, तर मोबाइल केबलनें जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास बहुधा इंटरनेट मिळतें. मग ‘विंडोज अपडेट’ला त्याचें काम करूं द्यावें, पुष्कळसे ड्रायव्हर तें स्वतःच आणतें, आणि कांहीं त्याच्या ऐच्छिक यादींत पडून असतात. उरलेले कंपनीच्या पानावरून घ्यावे. त्यांत चिपसेट पहिला, कारण इतर भाग ज्या मार्गांनीं जोडलेले असतात त्यांची ओळख तोच करून देतो. त्यानंतर चित्र, ध्वनि, स्पर्शपट्टी. एक बसवून यंत्र बंद-चालू करावें व मग दुसरा घ्यावा, म्हणजे बिघाड झाल्यास तो कोणामुळें झाला हें कळतें. शेवटीं ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून पाहावें. पिवळें उद्गारचिन्ह ज्या नांवापुढें असेल, तो भाग अद्याप दुभाष्यावांचून आहे. त्याच्या तपशिलांत ‘हार्डवेअर आयडी’ असतो. त्यांतील उत्पादकाचा क्रमांक ८०८६ असेल तर तो भाग इंटेलचा समजावा. १९७८ सालच्या आपल्या नामांकित प्रोसेसरचा आंकडाच त्या कंपनीनें ओळख म्हणून धारण केला आहे.

इतकें करूनहि आवाज आला नाहीं, तर दोष भागाचा कीं ड्रायव्हराचा, हें ठरविण्याचा एक सोपा उपाय आहे. बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच असतात. पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावतां, लिनक्स चालवून पाहावें. तेथें आवाज आला तर भाग धडधाकट आहे. तेथेंहि आला नाहीं, तर भागाविषयीं संशय घ्यावा व हमीची मुदत संपण्यापूर्वीं कंपनीकडे जावें.

एक इशारा मात्र विसरतां कामा नये. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणांत अद्ययावत करूं’ अशा जाहिराती इंटरनेटवर पदोपदीं भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये. अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यांत बसून काम करतात, आणि तेथील चूक सबंध यंत्र पाडते. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरचा गाभ्यांत चालणारा ड्रायव्हर एका सदोष फाइलीमुळें कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक त्यामुळें बंद पडले. भारतांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांचे पास हातानें लिहून द्यावे लागले. नामांकित कंपनीच्या हातून जर असें घडतें, तर अनोळखी माणसानें दिलेला ड्रायव्हर गाभ्यांत बसविणें म्हणजे परक्याच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या देणें होय. विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिटी आवृत्तीपासून अशा ड्रायव्हरांवर अधिकृत सही असल्यावांचून विंडोज ते स्वीकारीत नाहीं, तें याच कारणास्तव. ही सहीची अट बंद करण्यास कोणी सांगूं लागला, तर त्याचें ऐकूं नये. आणि जें यंत्र सुरळीत चालत आहे, त्याचा ड्रायव्हर केवळ नवा निघाला म्हणून बदलण्याची घाईहि करूं नये. बदललाच व तो मानवला नाहीं, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक’ची सोय वापरून मागील ड्रायव्हर परत आणावा.

तात्पर्य, लॅपटॉप घरीं आला त्याच आठवड्यांत त्याचे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून, त्यावर मॉडेलचें नांव लिहून, तो पेनड्राइव्ह खरेदीच्या पावतीबरोबर कपाटांत ठेवावा. त्यास फार तर एक संध्याकाळ लागेल. पुढें-मागें परीक्षेच्या किंवा विवरणपत्राच्या ऐन मुदतींत यंत्र पुसण्याची पाळी आली, तर त्या एका संध्याकाळीं नाशिकची खेप वांचेल आणि मुदतहि हुकणार नाहीं.