कॅथेलिसिडिन : शरीराचे स्वतःचे जंतुनाशक

निपाणी परिसरात तंबाखू आणि विडी यांवर अनेक कुटुंबांचा संसार चालतो. विडी वळणाऱ्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास घरातच बसून काम करतात. अशा घरांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्षयरोग हा केवळ पाठ्यपुस्तकातला शब्द नसतो. म्हणून क्षयजंतूशी शरीर कसे लढते, हे कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. या लढ्यातील एक शस्त्र म्हणजे कॅथेलिसिडिन हे प्रथिन होय.

या प्रथिनाचा आराखडा तिसऱ्या गुणसूत्रावरील 'कॅम्प' नावाच्या जनुकात असतो. मानवात या कुळातील हे एकच जनुक आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी हे प्रथिन निष्क्रिय रूपात साठवून ठेवतात. जंतूंचा शिरकाव झाला की एक विकर त्याचे टोक तोडते आणि ३७ अमिनो आम्लांचा तुकडा मोकळा होतो. त्याची सुरुवात दोन ल्युसिनांनी होते, म्हणून त्यास 'एलएल-३७' म्हणतात. या तुकड्यावर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या आवरणावर ऋण. त्यामुळे तो आवरणाला चिकटतो व त्यास छिद्रे पाडतो.

सन २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट मॉडलिन आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची बाब दाखवून दिली. क्षयजंतूची चाहूल लागताच भक्षक पेशी ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देतात. हे रूप 'कॅम्प' जनुकाला जागे करते व कॅथेलिसिडिन तयार होऊ लागते. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रक्तद्रवात ही क्रिया मंदावली. उंदराच्या जनुकात ड जीवनसत्त्वाची ही कळ नाही. ती मानव व इतर वानरवर्गीयांत आढळते. म्हणूनच उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

ड जीवनसत्त्व त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. मग उन्हात बसले किंवा गोळ्या घेतल्या की क्षय टळेल काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मंगोलियात सुमारे ८,८०० शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाललेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांमधील ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघाली, पण क्षयजंतूचा संसर्ग कमी झाला नाही. परीक्षानळीत जे घडते ते समाजात तसेच घडेल असे नाही. राहती जागा, हवा, आहार आणि धूर यांचाही त्यात वाटा असतो.

तेव्हा वर्गात हा विषय निघाल्यास दोन्ही गोष्टी सांगाव्यात. शरीराची संरक्षणव्यवस्था अद्भुत आहे, पण ती औषधाची जागा घेत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. बरे वाटू लागले म्हणून उपचार मध्येच सोडू नयेत. शिक्षकाने एवढे सांगितले, तरी एखाद्या घरातील रोगी वेळेवर दवाखान्यात पोहोचू शकेल.