डांबराचा दर्जा पिंपावर नव्हे, साठ अंशांवर ठरतो

आमच्या ओळखीच्या एका होतकरू तरुणाने काही वर्षांपूर्वी नागपुरातील एका नव्या लेआउटच्या अंतर्गत रस्त्याचे पोटकंत्राट घेतले. खडी चांगली होती, मजूर अनुभवी होते. डांबराची पिंपे एका व्यापाऱ्याकडून आली. त्यांवर ‘व्हीजी-३०’ असे लिहिलेले होते, म्हणून कोणी अधिक विचारपूस केली नाही. हिवाळ्यात रस्ता झाला तेव्हा सर्वांनी वाहवा केली. मे महिना आला आणि डांबर वर आले. स्कूटरची चाके चिकटू लागली, ट्रक वळतात तेथे चाकोऱ्या पडल्या आणि मुख्य कंत्राटदाराने अखेरचे बिल अडवले. व्यापारी म्हणतो, माल अस्सल होता, तुम्हीच जास्त ओतला. तरुण म्हणतो, प्रमाण बरोबर होते, माल पातळ होता. खरे कोणाचे, हे आजवर ठरलेले नाही.

तो दुकानी येऊन म्हणाला, “मामू, पिंपावर तर लिहिलेले होते!” मी म्हणालो, “बेटा, ठाणावरचा शिक्का वाचून मी कधी कापड घेतले आहे का?” कापडवाला सूत ओढून पाहतो, कोपरा भिजवून पाहतो, पांढऱ्या रुमालावर रंग घासून पाहतो. डांबराचीही अशीच पारख असते. आपल्यातील बरेच जण खडी, रोलर, टँकर आणि रस्त्याच्या पोटकंत्राटांत आहेत. त्यांनी ही पारख समजून घेणे गरजेचे आहे.

सुईची जुनी कसोटी

बाजारात आपण ज्याला डांबर म्हणतो ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिटुमेन होय. दगडी कोळशापासून निघणारे डांबर ही वेगळी वस्तू आहे. रस्त्यात बिटुमेनचे काम खडीला बांधून ठेवण्याचे. ते उन्हात वितळू नये आणि थंडीत तडकू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

फार पूर्वी अमेरिकेत जाणकार लोक डांबराचा तुकडा दाताखाली चावून त्याचा कडकपणा सांगत. १८८८ च्या सुमारास तेथे बोवेन नावाच्या तंत्रज्ञाने सुईचे यंत्र बनवले आणि तोंडाच्या अंदाजाऐवजी आकडा आला. या चाचणीत डांबर २५ अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंद त्यावर सोडतात. सुई किती आत गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. जुने लोक ‘साठ-सत्तर’ किंवा ‘ऐंशी-शंभर’ म्हणतात ते हेच माप. ६०/७० म्हणजे सुई ६ ते ७ मिलिमीटर गेली. आकडा जितका मोठा, तितका माल मऊ.

कसोटी सोपी आणि स्वस्त होती, पण तिच्यात एक उणीव होती. ती २५ अंशांवर घेतली जाते आणि नागपूरचा रस्ता मे महिन्याच्या दुपारी २५ अंशांवर नसतो. २३ मे २०१३ रोजी येथे हवेचेच तापमान ४७.९ अंश नोंदले गेले. काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, साठ अंशांच्याही पुढे जातो. दोन पिंपांतील माल २५ अंशांवर सारखाच कडक दिसू शकतो, पण साठ अंशांवर एक टिकतो आणि दुसरा वाहू लागतो. दुकानात दोन ठाणे सारखी दिसावीत आणि पहिल्या धुण्यात एकाचा रंग जावा, तशी ही गोष्ट आहे.

व्हीजी म्हणजे काय?

म्हणून २००६ मध्ये भारतीय मानक ७३ बदलले आणि सुईऐवजी चिकटपणावरून दर्जा ठरू लागला. व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड. व्हिस्कॉसिटी म्हणजे पदार्थ वाहण्याला किती विरोध करतो त्याचे माप. काचेच्या बारीक नळीत डांबर ६० अंशांवर ठेवून निर्वात दाबाने ओढतात. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला लागलेल्या वेळावरून हे माप निघते. त्याचे एकक पॉइज.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. व्हीजीच्या आकड्याला शंभराने गुणा आणि वीस टक्के इकडे-तिकडे धरा. व्हीजी-१० चे माप ८०० ते १,२०० पॉइज, व्हीजी-३० चे २,४०० ते ३,६०० आणि व्हीजी-४० चे ३,२०० ते ४,८००. येथे आकडा मोठा म्हणजे माल कडक. जुन्या मापाच्या हे नेमके उलट असल्याने अनेकांची गफलत होते.

२०१३ च्या सुधारित मानकात कोणता माल कोठे वापरावा हेही दिले आहे. सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असेल तेथे व्हीजी-३० आणि ४५ च्या वर असेल तेथे व्हीजी-४०. आपले नागपूर या सीमेवरच बसले आहे. जड ट्रक सावकाश चालतात, थांबतात, वळतात अशा रस्त्याला अधिक कडक माल लागतो. निविदेत कोणता दर्जा मागितला आहे ते वाचल्याशिवाय दर भरू नये.

अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळातील संशोधनातून यापुढचे पाऊल पडले. तेथे दर्जाच्या नावातच तापमान असते. पीजी ६४-२२ म्हणजे ६४ अंशांच्या उन्हाळ्यापासून उणे २२ अंशांच्या थंडीपर्यंत टिकणारा माल. आपल्याकडे पॉलिमर मिसळलेल्या डांबराचे २०१९ चे मानक याच वाटेने गेले आहे.

भेसळ आणि जास्तीची आच

केवळ चिकटपणा पाहून भागत नाही. डांबरात हलके तेल मिसळले तर ते लवकर पेट घेते. म्हणून ज्वलनांक २२० अंशांपेक्षा कमी नसावा असा नियम आहे. मातीसारखी भेसळ विरघळण्याच्या चाचणीत उघड होते. शुद्ध माल द्रावकात ९९ टक्के विरघळलाच पाहिजे. तिसरी चाचणी पितळी कडी आणि पोलादी गोळीची. डांबराने भरलेल्या कडीवर गोळी ठेवून पाणी तापवत नेतात आणि गोळी डांबरासह खाली कोणत्या अंशावर येते ते पाहतात. व्हीजी-३० साठी हा आकडा ४७ पेक्षा कमी चालत नाही.

मात्र चांगला मालही भट्टीवर बिघडतो. लवकर पातळ व्हावा म्हणून मजूर आच वाढवतात. त्याने डांबर जळून ठिसूळ होते आणि पुढे रस्ता तडकतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार व्हीजी-३० हे १५० ते १६५ अंशांपर्यंतच तापवायचे आहे. भट्टीशेजारी चालू स्थितीतील थर्मामीटर असणे हा खर्च नव्हे, बचत आहे.

मापणारे यंत्रही तपासलेले हवे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश तापमान दाखवले. नंतर हवामान खात्यानेच संवेदकात बिघाड असल्याचे सांगितले. म्हणून प्रयोगशाळेला तिच्या उपकरणांच्या तपासणीची तारीख विचारायला संकोच करू नये.

व्यवहारात काय करावे?

माल घेताना बॅच क्रमांक असलेले चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि तो क्रमांक पिंपाशी किंवा टँकरच्या कागदांशी जुळवावा. माल उतरताना दोघांसमक्ष तीन डबे भरून सील करावेत व त्यांवर तारीख आणि सह्या घ्याव्यात. एक डबा पुरवठादाराचा, एक आपला, एक चाचणीसाठी. चाचणीकरिता एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत किंवा व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेत चौकशी करावी. भट्टीचे तापमान रोज वहीत लिहावे.

रस्ता झाल्यावर त्याचा तुकडा काढून डांबराचे प्रमाण किती ते कळू शकते. पण मूळ माल कसा होता हे त्यातून नीट सांगता येत नाही, कारण भट्टीची आच आणि वर्षभराचे ऊन त्याला बदलून टाकते. त्या तरुणाचे नेमके येथेच अडले. तो खरा असेलही, पण दाखवायला काही नव्हते.

बाजारात नवा माल येतच राहणार. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर बायपासवर लिग्निन या वनस्पतिजन्य पदार्थाचे मिश्रण असलेल्या डांबराच्या तुकड्याचे उद्घाटन झाले. नाव कोणतेही असो, आपल्या उन्हात त्याचा आकडा किती भरतो, हाच प्रश्न विचारायचा.

त्या तरुणाने धंदा सोडलेला नाही. त्याच्या गोदामात आता एका फळीवर सील केलेले डबे ओळीने मांडलेले दिसतात, प्रत्येकावर दोन सह्या. मागे एका पुरवठादाराने डबे भरायला नकार दिला, तेव्हा त्याने पिंपे न उतरवता गाडी परत पाठवली.