मे महिन्यांतील दक्षिण आकाश

मंगलकार्यांत वधूवरांस ध्रुव व अरुंधती दाखविण्याची चाल आपल्यांत पूर्वापार आहे. त्यामुळें उत्तर आकाशाची थोडीबहुत ओळख घरोघरीं असते. दक्षिण दिशा पडली यमाची! तिकडे पाय करून निजावयाचें नाहीं, आणि तिकडे पाहावें असेंही फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आकाशांतील कांहीं अमूल्य रत्नें याच दिशेस आहेत, व महाराष्ट्रांतून तीं पाहण्यास मे महिन्यासारखा काळ नाहीं. मुलांस सुटी असते, गच्चीवर अंथरुणें पडलेलीं असतात, आणि मृगाचे ढग अद्याप दूर असतात.

प्रथम सप्तर्षींतील अंगिरा, वसिष्ठ व मरीचि यांची वक्र रेषा तशीच पुढें वाढवावी, म्हणजे नारिंगी स्वाती व नंतर शुभ्र चित्रा भेटते. दक्षिणेकडे तोंड केल्यास चित्रेच्या उजवीकडे, किंचित् खालीं, पांच ताऱ्यांचा हस्त आहे. तो बरोबर दक्षिणेस आला, कीं दृष्टि सरळ क्षितिजाकडे उतरवावी. तेथें चार ताऱ्यांचा त्रिशंकु उभा असतो. महिन्याच्या आरंभीं रात्रीं साडेदहाच्या, मध्यास साडेनऊच्या व अखेरीस साडेआठच्या सुमारास हा योग येतो.

विश्वामित्रानें सदेह स्वर्गास धाडलेला आणि इंद्रानें खालीं लोटलेला हा राजा पुण्याहून पाहतां खरोखरच अधांतरीं वाटतो. त्याचा सर्वांत खालचा तारा क्षितिजावर जेमतेम आठ अंश चढतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारें दहा अंशांची. म्हणजे तितकीही उंची नाहीं!

त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे आहेत. जवळचा मित्रक व पलीकडचा मित्र. १६८९ सालीं पाँडिचेरीहून धूमकेतूचे वेध घेत असतां फादर रिशो यांस मित्र हा जोडतारा असल्याचें आढळलें. त्याचें अंतर टॉमस हेंडर्सन यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. आज तें सुमारें ४.३७ प्रकाशवर्षें मानितात. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा किरण निघाला, तेव्हां घरांतील साडेचार वर्षांचें मूल नुकतें पाळण्यांत होतें. नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याखालोखाल आपला शेजारी हाच.

याहून वर, चोवीस अंशांवर, नरतुरंगांत एक अंधुक ठिपका तासाभरानें दक्षिणेस येतो. दुर्बिणींतून तो धुक्याच्या गोळ्यासारखा दिसतो. वस्तुतः तो सुमारें सतरा हजार प्रकाशवर्षें दूर असलेला लक्षावधि ताऱ्यांचा गुच्छ आहे.

पृथ्वीचा अक्ष संथपणें फिरत असल्यामुळें त्रिशंकु सुमारें १८० वर्षांत एक अंश दक्षिणेस सरकतो. दिल्लीच्या क्षितिजाखालीं त्याचा पायथ्याचा तारा केव्हांच गेला. पुण्यासही तो सुमारें दीड हजार वर्षांनीं अंतरेल. परंतु शहरांत उंच इमारती व रात्रभर जळणारे दिवे यांनीं क्षितिजालगतचें आकाश आजच हिरावून घेतलें आहे. निसर्ग ज्यास दीड हजार वर्षें घेणार, तें आम्हीं एका पिढींत उरकलें!

म्हणून आमच्या वाचकांस विनंति अशी, कीं पाऊस येण्यापूर्वीं एखाद्या चांदणें नसलेल्या रात्रीं घरांतील वडील मंडळींनीं मुलांस गांवाबाहेरच्या माळावर किंवा टेकडीवर न्यावें. अरुंधती दाखविणारे हात तेथें आहेतच. त्यांनीं एकदां दक्षिणेकडेही बोट करावें.