दावणीचा हिशेब

गेल्या पंधरवड्यात पादरा तालुक्यात आत्येभावाकडे जाण्याचा योग आला. चार एकर जमीन, एक बैलजोडी आणि तीन सुरती म्हशी एवढा त्यांचा पसारा. कोयत्यासारखी वळलेली शिंगे आणि गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, ही या म्हशींची खूण. मही व साबरमती यांमधला मुलूख हे त्यांचे माहेर.

घरात मात्र वातावरण जड होते. मुलगा कारखान्यात लागला, कामाला माणूस मिळत नाही, म्हणून म्हशी विकाव्यात असे दादांच्या मनात होते. "पेंडीचे पैसे देऊन हाती राहते काय? त्यातून एक भाकड," ते म्हणाले. बोलणे अगदीच खोटे नव्हते.

वहिनींनी वाद घातला नाही. दूध मंडळीची वही आणून पुढे ठेवली. दोन्ही वेळचे दूध, त्याचे फॅट, रक्कम, सारे त्यात होते. कपाशीचा पैसा हंगामाला येतो. मधले महिने घर याच वहीवर चालते. मग म्हणाल्या, "बाजरीचे सरमाड, तुरीचा भुसा, बांधावरचे गवत बाजारात कोण घेईल? म्हशी खातात. एक म्हैस दिवसाला पंधरा किलो तरी शेण देते. तिघींचे वर्षाला सोळा टन ओले शेण होते. म्हशी गेल्यावर खत विकत आणाल? आणि ती भाकड म्हणता ती गाभण आहे. दिवाळीला व्यायची."

दादा गप्प झाले.

१९४६ साली खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. त्याआधी व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागे. पुढे हीच पद्धत देशभर गेली. पण पहाटे धार काढणारे, शेण उचलणारे हात बहुधा बायकांचे, आणि सभासद म्हणून नाव पुरुषाचे, असे पुष्कळ घरी दिसते. या वहीवरही दादांचेच नाव होते.

"विकायच्या असतील तर विका," वहिनी शेवटी म्हणाल्या, "पण आधी सभासदत्व माझ्या नावाने करा. मग ठरवू."

निघताना दादा मंडळीत जाण्यासाठी सदरा घालत होते. म्हशी दावणीलाच होत्या. दरबारी गाण्यावर जगलेल्या आमच्या घराला पगाराची पहिली तारीख तेवढी ठाऊक. रोज दोन वेळा हजेरी मागणारी ही चाकरी त्या दिवशी प्रथमच नीट कळली.