बारा आठवड्यांत इंजिनियर : उतारा कोणी मोजला?

परवा गट ऑफिसात ऊसनोंदीचे काम चालू असता एक सभासद आमच्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोरगा बी.कॉम. झालाय, चार वर्षं पुण्यात हिशेबाचं काम करतोय. आता म्हणतो नोकरी सोडतो अन् कोडिंगचा बूटकॅम्प करतो. दीड-दोन लाख लागतील. ऊसबिलावर कर्ज उचलू का?" असे विचारणारे हे पहिलेच सभासद नव्हेत, म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

बूटकॅम्प हा शब्द अमेरिकेच्या लष्करातला. नव्या भरतीला पहिले काही आठवडे छावणीत कसून घेतात, ते बूटकॅम्प. 2011-12 च्या सुमारास शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत संगणकाचे तसे वर्ग निघाले. मुदत साधारण बारा आठवडे, फी दहा हजार डॉलरच्या वर, आणि दिवसाचे दहा-दहा तास काम. वेबसाइटचा दर्शनी भाग, जावास्क्रिप्ट, डेटाबेस, चौघांनी मिळून एकच प्रोग्राम लिहिण्याची रीत, एवढेच शिकवायचे. त्या काळी कंपन्यांना माणसे कमी पडत होती. शिक्षक, हॉटेलात वाढपी, वादक अशी माणसे खरोखरच या वाटेने सॉफ्टवेअरमध्ये गेली. मात्र त्यांतल्या बहुतेकांकडे कसली ना कसली पदवी आधीच होती, हे जाहिरातीत बारीक अक्षरातही नसे.

पुढे 2017 साली 'लॅम्बडा स्कूल' नावाची शाळा निघाली. आधी फी नको. वर्षाला पन्नास हजार डॉलरची नोकरी लागली की दोन वर्षे पगाराचे 17 टक्के द्यायचे, जास्तीत जास्त तीस हजार डॉलर. आपल्या ऊसबिलातून सोसायटीची वसुली कापतात, तसलाच प्रकार. शाळा म्हणे, पोराला पगार मिळाला तरच आम्हांला पैसा. ऐकायला गोड! पण 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारच्या ग्राहक संरक्षण खात्याने या शाळेवर कारवाई केली, तेव्हा आतले बाहेर आले. शाळा 71 ते 86 टक्के मुलांना नोकऱ्या लागतात असे सांगे. तिच्या स्वतःच्या कागदांत आकडा पन्नासच्या आसपास, कधी तीसपर्यंत खाली. त्यातले बरेच करार गुंतवणूकदारांना विकूनही टाकले होते. एका तुकडीत शंभर टक्के नोकऱ्या लागल्याचे संस्थापकांनी जाहीर केले होते. त्या तुकडीत विद्यार्थी किती? एक! एका मोळीचा रस काढून सबंध फडाचा उतारा सांगावा, तशातली गत.

काटाही त्यांचाच आणि उतारा सांगणारेही तेच. (आपल्या काट्याविषयी काही सभासद काय बोलतात ते आम्हांस ठाऊक आहे, तो विषय वार्षिक सभेत.)

काळही बदलला आहे. सॅन फ्रान्सिस्कोची 'डेव्ह बूटकॅम्प' ही या धंद्यातली आद्य शाळा 2017 सालीच बंद झाली. 2022 च्या नोव्हेंबरात फेसबुकवाल्या मेटा कंपनीने एका झटक्यात अकरा हजार माणसे कमी केली. शिवाय नवशिक्याला पूर्वी जी साधी कामे देत, त्यांतली बरीच आता संगणकच लिहून देतो. हुशार पोराला अजून वाट नाही असे आम्ही म्हणत नाही. पण बारा आठवडे पुरतात हे आता खरे धरू नये.

त्या सभासदांना आम्ही एवढेच म्हटले : वर्गवाल्याकडून लेखी घ्या. गेल्या वर्षी प्रवेश किती, शेवटपर्यंत टिकले किती, नोकरीला लागले किती, पगार काय, आणि हे मोजले कोणी. लागलेल्यांपैकी चौघांशी पोराला फोनवर बोलू द्या. कर्ज फायनान्स कंपनीचे असेल तर वर्ग मध्येच बंद पडल्यास हप्ता थांबतो की चालूच राहतो, ते करारात वाचून घ्या. आणि पोराला विचारा, रात्री घरी बसून तो किती शिकला? 'फ्रीकोडकॅम्प' नावाची संस्था 2014 पासून हेच विषय फुकट शिकवते. इंग्रजी वाचता आले की झाले.

सभासद थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तोड झाली की त्याला गावी बोलावतो. तोवर फुकटातलं किती करतो बघू. मग येतो कर्जाचा कागद घेऊन." आणि नोंदीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.